फिल्टरमधला तो काळा कार्बन: लागतो का नाही?

परवा संध्याकाळी बेल वाजली, दार उघडलं तर समोर शेजारचे काका, दोन्ही हात मनगटापर्यंत काळे. मला वाटलं गाडीचं काहीतरी काम काढलं असेल. तर कसलं काय, नातवासाठी माशांचा दोन फुटी टँक आणलाय ना, त्याच्या फिल्टरमध्ये टाकायचा कार्बन त्यांनी किचनच्या सिंकमध्ये धुवायला घेतला आणि ती काळी भुकटी ओट्यावर, टाइल्सवर आणि उपवासाच्या भिजवलेल्या साबुदाण्यावर जाऊन बसली. काकूंनी त्यांना जवळजवळ घराबाहेरच काढलं होतं. "अगं तू एवढी वर्षं मासे पाळतेस, एकदाचं सांग बाई," काका म्हणाले, "दुकानवाला म्हणतो दर महिन्याला बदला, मोबाइलवर एकजण सांगतो कार्बनशिवाय मासे मरतील, दुसरा सांगतो कार्बन सगळी घाण परत पाण्यात सोडतो. हे लागतं का नाही?"

लागत नाही. म्हणजे आपल्या घरात असतो तसा गोड्या पाण्याचा टँक, गप्पी, मॉली, टेट्रा, एंजल, गोल्डफिश, याला बारा महिने कार्बन ठेवायची काही गरज नाही. पण काही वेळा तो असा कामाला येतो की दुसरं काही येत नाही, आणि तो कधी हे कळायला तो करतो काय ते आधी कळलं पाहिजे. काकांना चहा करून देत जे सांगितलं तेच इथे लिहितेय, जरा नीट लावून.

आधी फिल्टर काय करतो ते बघू

कुठलाही फिल्टर घ्या, काचेला मागे लटकवायचा, वर ठेवायचा टॉप फिल्टर, खाली कपाटात ठेवायचा कॅनिस्टर, नाहीतर एअर पंपाला जोडलेला साधा स्पंज, कामं तीनच असतात.

पहिलं काम गाळणीचं. माशांची शी, झाडाची सडकी पानं, न खाल्लेलं खाणं, हे स्पंजमध्ये किंवा त्या पांढऱ्या कापसासारख्या वूलमध्ये अडकतं. चहाची गाळणी, बस.

दुसरं काम डोळ्यांना दिसत नाही पण सगळा टँक त्याच्यावर उभा असतो. मासे सतत अमोनिया सोडत असतात, बराचसा तर कल्ल्यांमधूनच, आणि उरलेलं खाणं कुजलं की त्याचाही अमोनियाच होतो. अमोनिया माशांना विष. फिल्टरच्या स्पंजवर, सिरॅमिकच्या रिंगांवर, खालच्या वाळूवर एक प्रकारचे बॅक्टेरिया राहतात, ते या अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषच, मग दुसरे बॅक्टेरिया नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे त्या मानाने सौम्य आहे आणि आपण पाणी बदललं की निघून जातं. आपण ओल्या कचऱ्याचं खत करतो ना सोसायटीत, तसाच प्रकार. हे बॅक्टेरिया नवीन टँकमध्ये बसायला चार ते सहा आठवडे लागतात, दही लागायला वेळ लागतो तसं, आणि जुन्या टँकमधला एखादा मळकट स्पंज नव्या फिल्टरमध्ये टाकला की काम लवकर होतं कारण तुम्ही विरजण लावलेलं असतं.

तिसरं काम म्हणजे पाण्यात विरघळलेल्या, गाळणीत न अडकणाऱ्या काही गोष्टी पकडायच्या, रंग, वास, औषधं वगैरे. हे कार्बनचं काम. याला मी किचनमधल्या चिमणीची उपमा देते. चिमणी नसली म्हणून स्वयंपाक अडतो का? आमच्या आजीचा आयुष्यभर नाही अडला. पण बोंबील तळायला घेतले की चिमणीची किंमत कळते. (बिनपाइपची चिमणी असते तिच्यात खरोखरच कार्बनचा फिल्टर असतो, म्हणजे उपमा नुसती उपमा पण नाहीये.)

एका ग्रॅममध्ये दहा गुंठे

कार्बन म्हणजे कोळसाच, पण शेगडीतला नव्हे. नारळाची करवंटी, लाकूड किंवा दगडी कोळसा आधी हवा न लागू देता जाळतात आणि मग ८०० ते १००० अंश सेल्सिअसला त्याच्यावर वाफ सोडतात. त्या वाफेने कोळशाच्या आत इतकी बारीक भोकं पडतात, भोकांच्या आत अजून भोकं, की एका ग्रॅमच्या आतल्या सगळ्या भिंती उलगडून जमिनीवर पसरल्या तर साधारण १००० चौरस मीटर जागा लागेल. म्हणजे जवळपास दहा गुंठे. १०० ग्रॅमच्या पुडीत पंचवीस एकराच्या आसपास. पुण्यात बाणेरला एवढी जागा असती तर मी हा लेख लिहीत बसले नसते.

या भिंतींना पाण्यातल्या गोष्टी चिकटतात. स्पंज पाणी पितो तसं हे पिणं नाहीये, हे चिकटणं आहे, पुस्तकात याला अधिशोषण म्हणतात, आपण इथून पुढे चिकटणंच म्हणू. पावसाळा संपल्यावर सिंहगड चढून आलात की मोज्यांना कुसळं चिकटलेली असतात ना, तसं. आणि मोजा कुसळांनी पूर्ण भरला की पुढचं कुसळ चिकटायला जागाच उरत नाही, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कोळशाची ही खोड माणसाला फार आधीपासून माहीत आहे. १७८५ मध्ये रशियात लोविट्झ नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की कोळसा द्रावणातला रंग काढून घेतो, आणि पुढे युरोपातल्या साखर कारखान्यांनी तीच युक्ती साखर पांढरी करायला वापरली. आज तुमच्या घरातल्या वॉटर प्युरिफायरमध्ये कार्बनचं कार्ट्रिज आहे. काही प्रकारच्या विषबाधेत हॉस्पिटलमध्ये पेशंटला काळं पाणी पाजतात तेही हेच.

मग पकडतो काय आणि सोडतो काय

सगळा घोळ इथे आहे, म्हणून जरा सावकाश.

कार्बनला मोठे, तेलकट स्वभावाचे, सेंद्रिय रेणू आवडतात, म्हणजे झाडापानांचा पिवळा-तपकिरी रंग, पाण्याचा तो शेवाळी कुबट वास, औषधांचे निळे-हिरवे रंग, कीटकनाशकं. क्लोरीनचाही तो बंदोबस्त करतो, त्याच्यावर वेगळं बोलू.

पण अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पाण्याचा जडपणा, मीठ, हे तो पकडत नाही. हे लहान असतात, पाण्यात मजेत विरघळलेले असतात, कोळशाच्या भिंतीला चिकटण्यात त्यांना काही रस नसतो. मोज्याला कुसळ चिकटतं, वाळू चिकटते का? तसंच. म्हणजे माशाला मारणारी जी मुख्य गोष्ट, अमोनिया, तिच्याशी कार्बनला काहीच देणंघेणं नाही. तो ज्या गोष्टी काढतो त्यातल्या बऱ्याचशा माशाला त्रास देतही नसतात, त्रास आपल्या डोळ्यांना आणि नाकाला होत असतो.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते, कारण हे मी पुस्तकातून नाही शिकले. सात-आठ वर्षं झाली असतील. गौरी-गणपतीला पाहुणे येणार म्हणून मी टँक चकाचक करायला काढला. स्पंज नळाखाली धरून अगदी पांढरे होईपर्यंत पिळले, तपकिरी झालेल्या सिरॅमिकच्या रिंगा घाणेरड्या दिसतायत म्हणून सरळ टाकून दिल्या, नव्या घातल्या, जुना कार्बन फेकला, नवा घातला. दुसऱ्या दिवशी पाणी असं की जणू टँकमध्ये पाणीच नाही. आलेल्या प्रत्येकाने कौतुक केलं. गौरी जेवायच्या दिवशी गोल्डफिश वर येऊन तोंड उघडबंद करायला लागले, कल्ले लालबुंद. संध्याकाळी टेस्ट किटने पाणी बघितलं तर अमोनिया. दोन गेले, दोन अर्धं-अर्धं पाणी बदलत बदलत वाचवले. पाणी तेव्हाही काचेसारखंच होतं! मी नळाच्या क्लोरीनने आणि हाताने माझं सगळं विरजण धुऊन टाकलं होतं, आणि कार्बन तेवढा इमानदारीने पाणी चमकवत बसला होता.

बरं, अमोनिया किती लागतो मारायला हे पाण्याच्या पीएचवर पण असतं, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे त्यावर. अमोनिया पाण्यात दोन रूपात असतो, एक जहाल, एक बऱ्यापैकी निरुपद्रवी. २५ अंशाच्या पाण्यात पीएच ७ असेल तर दोनशे भागात जेमतेम एक भाग जहाल असतो, पीएच ८ झाला की शंभरात पाच. म्हणजे तेवढाच अमोनिया जवळजवळ दसपट वाईट. धरणाचं पाणी मिळणाऱ्यांना हे तितकंसं जाणवत नाही, पण वाघोली, उंड्री अशा बाजूला बोअर आणि टँकरवर जगणारे लोक आहेत, त्यांचं पाणी बऱ्याचदा जड आणि पीएचही चढा, त्यांनी बॅक्टेरियाला जास्त जपलं पाहिजे. पीएच कार्बनने उतरत नाही. उलट कमी प्रतीच्या कार्बनमधल्या राखेने सुरुवातीला थोडा वर जाऊ शकतो.

मग कंपन्या फिल्टरमध्ये कार्बन देतात कशाला?

हा काकांचा पुढचा प्रश्न, आणि रास्त आहे.

एक कारण जुनं. पूर्वी टँक ठेवणारे लोक पाणी फार बदलायचे नाहीत, "जुनं पाणी माशांना मानवतं" असं समजायचे, आणि कोपऱ्यात एक प्लास्टिकची डबी असायची, तिच्यात कापूस आणि कोळसा, वरून हवेचे बुडबुडे. पाणी महिनोन् महिने तेच, त्यामुळे पिवळं पडायचं, वास यायचा, आणि कोळसा ते निस्तरायचा. तेव्हा त्याला काम होतं. आता आपण आठवड्याला पंचवीस ते तीस टक्के पाणी बदलतो, तो पिवळा रंग बादलीतूनच बाहेर जातो. काम गेलं पण कामगार राहिला.

दुसरं कारण तुम्हाला प्रिंटर घेतल्यावर कळतं. मशीन स्वस्त, शाई महाग. कापूस आणि कार्बन एकत्र शिवलेली जी कार्ट्रिज येते ती महिन्याला बदलायची असं पाकिटावर लिहिलेलं असतं. खर्च जाऊ द्या, खरा धोका असा की छोट्या फिल्टरमध्ये बॅक्टेरियाला राहायला दुसरी जागाच नसते, ते त्या कार्ट्रिजवरच वसलेले असतात, आणि तुम्ही दर महिन्याला त्यांची अख्खी वसाहत उचलून कचऱ्याच्या गाडीत देता. म्हणजे माझा गणपतीतला पराक्रम, पण हप्त्याहप्त्याने.

यावर उपाय सोपा आहे. कार्ट्रिज फेकू नका, पाणी बदलताना जे टँकचंच पाणी काढलंय त्यात हलकेच खळबळा आणि परत लावा. अगदी फाटली की बदला, आणि तीही आधी शेजारी नवा स्पंज महिनाभर ठेवून मग. मी तर बाजूने कात्रीने कापून आतला कार्बन ओतून टाकते आणि त्या जागी दोन-चार सिरॅमिक रिंगा भरते.

इथे कुणीतरी म्हणणारच की माझ्याकडे तोच कार्बन दोन वर्षं आहे आणि मासे मस्त आहेत. असतीलच. तुमचा कार्बन पहिल्या महिन्यातच भरला, त्यानंतर त्याच्यावर बॅक्टेरिया राहायला आले, आता ते सिरॅमिक रिंगेचंच काम करतंय, फक्त काळ्या रंगात. छान चाललंय, हात लावू नका.

नळाच्या क्लोरीनसाठी तरी ठेवावा का?

हा प्रश्न हल्ली फार येतो. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) पेशंट निघाले आणि पाण्याच्या तपासण्या सुरू झाल्या, तेव्हापासून पुण्यात ज्याला त्याला पाण्यातल्या क्लोरीनची माहिती आहे. क्लोरीन असलाच पाहिजे, वादच नाही, भारतीय मानकाप्रमाणे नळाला येणाऱ्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम तरी उरलेला असावा लागतो, तो आपल्याला वाचवतो. पण माशाचे कल्ले म्हणजे अगदी उघडी नाजूक कातडी, आणि जो क्लोरीन पाइपमधले जंतू मारतो तो फिल्टरमधले आपले बॅक्टेरियाही मारतो. त्याला कुठे कळतंय कोण आपला कोण परका.

कार्बन क्लोरीन घालवतो हे खरं. प्युरिफायरमध्ये म्हणूनच असतो. पण तिथे पाण्याला दुसरा रस्ताच नसतो, गच्च भरलेल्या कार्बनमधून गेल्याशिवाय ते ग्लासात येत नाही. टँकमध्ये तुम्ही बादली ओतली की पाणी आधी माशाला भेटतं आणि मग सावकाश कधीतरी फिल्टरमधून फिरतं. दरोडा पडून गेल्यावर वॉचमन आला तसं ते.

म्हणून क्लोरीन बादलीतच संपवायचा. एक तर रात्रभर बादली भरून ठेवायची आणि त्यात एअर पंपाचा दगड सोडायचा, उडून जातो. नाहीतर दुकानात अँटीक्लोरीन म्हणून मिळतं त्याचे थेंब टाकायचे, पाकिटावर असतील तेवढेच. ते खड्यांच्या रूपातही मिळतं, त्याला हायपो म्हणतात, आणि ज्यांनी फोटो स्टुडिओतली डार्करूम बघितलीय त्यांना हा शब्द ओळखीचा वाटेल, तोच तो. अमेरिकेतल्या लोकांचे व्हिडिओ बघून घाबरू नका, तिथे बऱ्याच शहरांत क्लोरामाइन नावाचा चिवट प्रकार वापरतात जो बादलीत ठेवून उडत नाही, ते त्याच्याबद्दल बोलत असतात.

आणि एक खास पुणेरी नियम, माझा स्वतःचा. "गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने" अशी बातमी असेल त्या आठवड्यात मी शुक्रवारी टँकचं पाणी बदलत नाही. लाइन रिकामी होऊन परत भरली की पहिलं पाणी गढूळ येतं. खडकवासला धरणात नवीन पाणी आलं की जुलैत पण तेच. तो गाळ आहे, तो वूलमध्ये अडकतो किंवा बादलीत खाली बसतो, त्याला कार्बनची गरज नाही.

भरलेला कार्बन सगळी घाण परत सोडतो म्हणे?

मोबाइलवरचा दुसरा माणूस हेच सांगत होता. थोडं खरं आणि बरंचसं मीठमसाला.

पीएमपीची बस डोळ्यासमोर आणा. भरली की नवीन माणूस चढत नाही. पण म्हणून आत बसलेले सगळे एकदम स्वारगेटला उड्या मारतात का? एखाद-दुसरा उतरतो, त्याच्या जागी दुसरा दणकट माणूस घुसतो. कार्बनमध्ये तेच होतं, जास्त घट्ट चिकटणारी गोष्ट आली की ती सैल चिकटलेल्याला ढकलते, किंवा पाण्यात एखादी गोष्ट फारच कमी झाली की थोडी सुटून परत येते. पण एका रात्रीत सगळं विष ओकलं आणि मासे मेले, असं होत नाही. भरलेला कार्बन पकडायचं थांबवतो, एवढंच. साधारण दोन ते चार आठवड्यांत तो भरतो, टँक जितका मळका तितका लवकर.

तो भाजून परत वापरता येतो का, हेही काकांनी विचारलं आणि काकू आतून ओरडल्या की माझ्या ओव्हनला हात लावायचा नाही. काकू बरोबर आहेत. कारखान्यात तो ८०० अंशाच्या वर तापवून मोकळा करतात, घरचा ओव्हन २५० ला दमतो. उकळला तर वरची धूळ निघते, आतल्या भोकांतली नाही. कुसळं मोजा धुवून निघतात का सांगा.

एक भीती मात्र पूर्ण खोटी नाही. २०११ मध्ये सर्जनफिश नावाच्या समुद्री माशांवर एक अभ्यास झाला होता, त्यात लिग्नाइट कोळशापासून केलेला कार्बन भरपूर वापरल्यावर माशांच्या डोक्यावर आणि अंगावरच्या रेषेवर कातडी झिजल्याचं दिसलं. संशय त्या कार्बनच्या बारीक भुकटीवर जातो. आपल्या गप्पी-मॉलीला हे लागू होतं असं मी म्हणत नाही, पण कार्बन घ्यायचाच तर करवंटीचा, टणक दाण्यांचा घ्या आणि धुवून घ्या, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे.

झाडांच्या टँकवाल्यांची तक्रार अशी की कार्बन खत खातो. लोह आणि तसली सूक्ष्म खतं थोडीफार चिकटतात, नायट्रेट-पोटॅश नाही. तुम्ही बाटलीतलं खत नेमाने घालत असाल तर बारा महिने कार्बन ठेवण्यात तसाही अर्थ नाही.

मग कार्बन घालायचा कधी?

सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग म्हणजे औषध. आणि इथे उलटं लक्षात ठेवायचं, औषध चालू असताना कार्बन फिल्टरमध्ये असताच कामा नये. पांढरे ठिपके आले म्हणून मॅलेकाइट ग्रीन टाकलं, अंड्यांना बुरशी नको म्हणून मिथिलीन ब्लू टाकलं, आणि फिल्टरमध्ये ताजा कार्बन असेल तर औषध माशाला पोचायच्या आत कार्बन गिळून बसतो. कितीतरी लोक म्हणतात औषध लागूच पडत नाही, त्यांना मी आधी फिल्टर उघडायला सांगते. कोर्स संपला, मासा बरा झाला, की मग कार्बन घाला, तीन-चार दिवसांत पाणी रंगहीन होतं. काचेच्या सांध्यातलं सिलिकॉन निळं झालं असेल तर ते निळंच राहणार, ते कार्बनच्या हातात नाही, माझ्या एका टँकचे चारही कोपरे अजून निळे आहेत.

दुसरं म्हणजे लाकूड. नवीन ड्रिफ्टवुड टाकलं की पाणी कोऱ्या चहासारखं होतं. अपाय काही नाही, पण नको असेल तर कार्बन ते झटकन काढतो. फायटर मासा पाळणारे मात्र मुद्दाम देशी बदामाची वाळकी पानं टाकून असाच रंग आणतात, त्याला तो मानवतो, त्यांनी पानंही टाकायची आणि कार्बनही ठेवायचा म्हणजे एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्याने काढून घ्यायचं. (आणि ती पानं ऑनलाइन विकत घेऊ नका हो, पुण्यात फुटपाथवर पडलेली असतात. फक्त गाड्यांच्या धुरातली आणि फवारलेली नकोत.)

तिसरं, घरात काही फवारलं तर. झुरळांच्या आणि डासांच्या फवाऱ्यात जी पायरेथ्रॉइड जातीची औषधं असतात ती आपल्याला फार बाधत नाहीत पण माशांना अगदी थोडीही भारी पडतात. पेस्ट कंट्रोल किंवा दिवाळीच्या रंगाचं काम असेल तर टँक ओल्या चादरीने झाका, एअर पंप बंद ठेवा कारण तो खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो, काम झाल्यावर खोली मोकळी करून पंप सुरू करा, पाणी बदला आणि आठवडाभर ताजा कार्बन लावा. इथे तो खरंच जीव वाचवू शकतो.

समुद्री टँकची गोष्ट वेगळी, तिथे प्रवाळ एकमेकांवर रसायनं सोडून भांडत असतात आणि पाणी बदलणं महागही पडतं, म्हणून ते लोक कार्बन कायम ठेवतात आणि त्यांचं बरोबर आहे.

पाण्याला वास येतोय म्हणून कार्बन घालायला निघालात तर आधी मासे मोजा. गंमत नाही करत. नव्वद टक्के वेळा लाकडाच्या मागे एखादा सकर मासा मरून पडलेला असतो, नाहीतर घरातले चारजण आपापल्या वेळेला खाणं टाकत असतात.

ते काळं-पांढरं मिक्स

काकांच्या पुडीत काळ्या दाण्यांबरोबर पांढरे खडे पण होते. ते झिओलाइट. तो कार्बन नाही, त्याचा स्वभाव वेगळा, तो गोड्या पाण्यात अमोनिया खरोखर पकडतो. पण पाण्यात मीठ आलं की तो मीठ धरतो आणि पकडलेला अमोनिया सोडून देतो. आता आपल्याकडे मासा जरा सुस्त दिसला की पहिला उपाय काय? मूठभर खडे मीठ. म्हणजे आजारी माशाच्या अंगावर महिनाभराचा साठवलेला अमोनिया. कार्बनबद्दल "घाण परत सोडतो" ही जी गोष्ट फिरते ना, ती खरी तर याला जास्त शोभते. मीठ घालायचं असेल तर आधी ती पिशवी बाहेर काढा.

घालायचाच असेल तर

बाथरूममध्ये किंवा बाल्कनीत बादलीत धुवा, ओट्यावर नाही. काळं पाणी जाईपर्यंत चार-पाच वेळा. जुन्या मच्छरदाणीच्या तुकड्यात किंवा जाळीच्या पिशवीत बांधा म्हणजे काढताना एका झटक्यात निघतो. काकांच्या दोन फुटी टँकला मूठभर पुष्कळ. फिल्टरमध्ये वूलच्या नंतर ठेवा, आधी ठेवलात तर शीने माखून दोन दिवसांत बंद पडेल. आणि ज्या दिवशी कार्बन काढाल त्या दिवशी स्पंज धुवू नका, एका वेळी एकच काहीतरी.

काम झालं का हे बघायला पांढरे दोन कप घ्या, एकात टँकचं पाणी, एकात नळाचं, खिडकीत शेजारी शेजारी ठेवून वरून बघा. पिवळेपणा लगेच कळतो. काकांनी तिथल्या तिथे करून पाहिलं, दोन्ही कप सारखे दिसले, मग उरलेली पुडी रबर लावून मीच त्यांच्या माशांच्या औषधांच्या डब्यात ठेवली, कारण ती तिथेच लागणार आहे.

धुतलेला कार्बन मात्र ओला होऊन बसला होता, त्याचं काय करायचं? मी सांगितलं कुंडीत टाका, मातीत मिसळला की चालतो. फक्त माशांचं औषध काढायला वापरलेला कार्बन असेल तर तो कुंडीत नाही, सुक्या कचऱ्यात. काकू लगेच म्हणाल्या, तुळशीत नको हं, त्या कडीपत्त्याच्या कुंडीत टाका.